शेजारचा डिंक

सून कशी होती, असं कुणी विचारलं असतं तर सासऱ्यांना चार वाक्यंही धड सांगता आली नसती. मुलगा गेल्यावरही ती याच घरात राहिली, रोज सकाळचा चहा दोघांनी समोरासमोर बसून घेतला. पण तिच्या मनाचा ठाव त्यांना कधी लागला नाही. विचारायची भीड वाटायची.

तिनं कंपनी काढली होती. औषधं आणि दवाखान्याची उपकरणं बनवणाऱ्या लहान कंपन्यांसाठी गावाबाहेर एक इमारत बांधलेली होती, तिथे तिला एक खोली मिळाली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या छातीवर चिकटवायची पट्टी ती बनवत होती. बाळाचा श्वास अडखळला की नर्सच्या टेबलावर घंटी वाजायची. हेच यंत्र का, हेही सासऱ्यांनी विचारलं नाही. इमारतीची अट एकच: हॉस्पिटलातली चाचणी चालू असेपर्यंत खोली तिची, थांबली की रांगेतल्या दुसऱ्याची.

दुपारी सासरे तिथे जाऊन बसत. हातावर पट्ट्या चिकटवून घेत. ती हळूच सोलून बघे.

"दुखलं का, बाबा?"

"छे! ओढायला केस तरी राहिलेत का हातावर?"

"म्हणून तर तुम्हाला आणते. बाळासारखी कातडी मला दुसरं कोण देणार?"

त्या इमारतीत शेजारधर्म फार. कुणाचं काही संपलं की दुसरा आपलं देई, घरी वाटीभर साखर द्यावी तसं. पट्टीला लागणारा डिंक बाहेरून यायचा. एकदा तो आलाच नाही. शेजारच्या खोलीत जखमेवरच्या पट्ट्या बनवणारा एक गृहस्थ होता, सगळे त्याला पट्टीवालाच म्हणत. त्यानं स्वतःचा डबा आणून ठेवला.

"घ्या हो ताई, संकोच कसला? घरचाच माल आहे."

आणि खरंच, या डिंकानं बाळांची कातडी जराही लाल होईना. सून हरखून गेली.

चाचणीची तपासणी करायला सरकारी बाई आल्या तेव्हा सुनेनंच कौतुकानं सांगितलं, "आता आम्ही याहून चांगला डिंक वापरतो."

बाई लिहायच्या थांबल्या. "परवानगी कुठल्या डिंकाला होती?"

"जुन्या."

"मग ही पट्टीच वेगळी झाली. किती बाळांना लावलीत?"

सुनेनं नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. कोपऱ्यात बसलेल्या सासऱ्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी हातावरची पट्टी त्यांनी बाहीखाली झाकली.

चाचणी रद्द झाली. पट्टीवाला तोंड पाडून आला. "ताई, माझ्यामुळे…"

"तुमच्यामुळे काय? डबा तुम्ही दिलात, उघडला मी."

नव्यानं सुरुवात करायची तर खोली हवी, आणि खोली टिकायला चाचणी चालू हवी. तिनं सगळ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे चहा मिळाला आणि "बघू" मिळालं. मग दारावर दुसऱ्याची पाटी लागली. लांबच्या शहरात, दुसऱ्यांची यंत्रं विकायची नोकरी तिनं धरली.

पोचल्याचा निरोप आला, पुढे काही नाही. सासरे फोन हातात घेत आणि काय बोलावं ते न सुचून खाली ठेवत. तिचंही तसंच होत असेल. ती निघाली त्या सकाळी दोघं बोलले तेवढंच. ती चपला घालत होती.

"बाबा, दूध गॅसवर आहे. उतू जाईल."

"बरं."

"नुसतं बरं नको, उठा."

"उठतो गं. गाडी थांबलीये, तू नीघ."