मैनीची थांबलेली मूठ

पिकल्या आंब्याचा वास परदेशातही तसाच येतो, हे मला बँकॉकच्या एका गल्लीत कळलं. एप्रिलमधली दमट, अंगाला चिकटणारी संध्याकाळ होती आणि हातगाड्यांवर पिवळ्याधमक फोडी मांडून ठेवलेल्या होत्या. आलापल्लीहून निघालो तेव्हा आमच्याकडचा आंबा अजून कैरीच्याच वयात होता, मोहफुलांचा सडा नुकता सरत आला होता. आणि इथे तो गंध असा उदारपणे रस्ताभर सांडलेला! विमानात, त्या चकचकीत हॉटेलात, जे परकेपण मला सारखं टोचत होतं, ते एका श्वासात नाहीसं झालं. मी अधाशासारखे दोन पुडे घेतले, एक माझा आणि एक मैनीचा.

मैनी ही आमच्या आश्रमशाळेतली नववीची मुलगी, भामरागडच्या पलीकडच्या एका माडिया गावातली. पावसाळ्यात नदीला पूर आला की त्या गावाचा रस्ता दिवसचे दिवस पाण्याखाली असतो. कराटेच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. कराटेचे सर बरोबर येणार होतेच, पण मुलीसोबत एक बाई हवी म्हणून मला, मराठी शिकवणाऱ्या, पोंभुर्ण्याकडच्या धानशेतीत वाढलेल्या बाईला, पासपोर्ट काढावा लागला. कराटेतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच पक्कं ठाऊक होतं की पदक मिळालं तर मैनीला राज्याच्या निवासी प्रशिक्षणात जागा मिळणार आणि नाही मिळालं तर तिचा खेळ दहावीबरोबर संपणार. कारण आमची शाळा सुटल्यावर तिला कराटे शिकवणारं कुणी नव्हतं.

तिने पुडा हातात घेतला, डोळे मिटून वास घेतला आणि तो तसाच मला परत दिला. "मले नाई चालत, बाई. आमच्या गावात अजून पंडुम नाई झाला." नवं फळ आधी गावाच्या देवाला, मग साऱ्या गावाला आणि मगच आपल्या तोंडात, असा हा पंडुमचा सण. इतकी वर्षं या मुलांत राहून मला तो माहीत होता आणि तरीही मी विसरले होते. माझ्या तोंडात तोवर आंब्याची दुसरी फोड होती! उद्या लढती, वजनाच्या काळजीने पोर दोन दिवस अर्धपोटी, आणि त्यात हिचं हे. माझ्यातली मास्तरीण उफाळून आली. "अगं, इथी कोन पाहून राह्यलं तुले?" मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मी पाहून राह्यली ना," ती म्हणाली आणि घरून आणलेले भाजलेले चणे काढून खाऊ लागली.

तुम्हाला सांगते, संयम हा शब्द मी फळ्यावर कितीदा लिहिला असेल! पण आम्हा शहाण्यांचा संयम कपाळाला आठ्या घातल्याशिवाय होत नाही. उपासाच्या दिवशी आमचं सारं चित्त साबुदाण्यात अडकलेलं असतं. मैनीच्या त्या नकारात त्यागाचा आवही नव्हता. आंबा नको होता असंही नाही. गाडीसमोरून जाताना तिने आणखी एकदा वास घेतला, हे मी पाहिलं. मागे राहिलेल्या माणसांच्या आधी आपण कसं खायचं, एवढाच तिचा सरळ प्रश्न होता. तो मला का पडला नाही, याचा विचार करत मी तिचाही पुडा संपवला, हे कबूल करायला हवं.

आमच्या शाळेत गाद्या नाहीत, मुरमाचं मैदान आहे. तिथे सर मुलांना ठोसा शिकवतात तो सागाच्या पानावर. फांदीला दोरी बांधून पान टांगायचं, सगळ्या ताकदीने मूठ सोडायची आणि ती पानाला लागता लागता थांबवायची. पान फाटलं की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटायचं, मारायला शिकवतात की न मारायला? पुढे कळलं की त्यांच्या वयोगटात नियमच तसा आहे: चेहऱ्याच्या अगदी जवळ थांबलेल्या मुठीला गुण, लागली तर ताकीद, आणि फार लांब थांबली तर काहीच नाही. मोहफुलांच्या टोपल्या वाहून घट्ट झालेल्या त्या हातांना हे विलक्षण साधलं होतं. किती पानं मी तिच्या मुठीसमोर अखंड लोंबताना पाहिली आहेत!

दुसऱ्या दिवशी ती दोन लढती जिंकली. तिसरी जिंकली की पदक नक्की होतं. समोर यजमान देशाची, तिच्याहून वीतभर उंच मुलगी होती, सुरेख खेळणारी. पहिल्याच मिनिटाला दोघी एकदम पुढे आल्या आणि मैनीची मूठ लागली. त्या मुलीचा ओठ फुटला. रक्त पुसलं गेलं, पंचांनी मैनीला ताकीद दिली, खेळ पुन्हा सुरू झाला. पण मैनी बदलली होती. तिची मूठ आता हातभर अलीकडेच थांबू लागली. सर खुर्चीतून ओरडत होते, जवळ जा, जवळ जा! गॅलरीत मी सारी प्रतिष्ठा गुंडाळून "मार, मैनी, मार!" असा आकांत मांडला होता. गुण बरोबरीत होते, काही क्षण उरले होते, आणि त्या मुलीचा हात नकळत दुखऱ्या ओठाकडे गेला. समोर सगळं मोकळं होतं. मैनीची मूठ सुटली आणि लांबच थांबली. पुढच्याच क्षणी त्या मुलीची लाथ आली, चोख, निर्दोष. मैनी हरली.

ती रडली. स्नानगृहात दार लावून बराच वेळ रडली. हरल्याचं तिला काही वाटलं नाही असं लिहून मी तिला देवी करणार नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन थांबली तू?" ती म्हणाली, "तिले दुखून राह्यलं होतं, बाई." सर म्हणाले की आपल्या मुठीवर तिने विश्वास ठेवायला हवा होता, एरवी केसाएवढ्या अंतरावर थांबवते ती. खेळाच्या दृष्टीने ते खरंच होतं. मग सर आणि मी निकालाबद्दल विचारणा करायला पंचांच्या टेबलाशी गेलो, तिथे अर्धा तास घातला आणि हात हलवत परतलो.

आलापल्लीच्या बसथांब्यावर शाळा लोटली होती. जो तो एकच विचारत होता, कशी हरली? गर्दीच्या कडेला मैनीचे वडील उभे होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अपराध्यासारखं सांगितलं. ताकीद, थांबलेली मूठ, हुकलेली जागा. ते म्हणाले, "त्या पोरीचा ओठ बरा झाला का, बाई?"

उत्तर मैनीने दिलं, त्यांच्या माडिया बोलीत, स्वतःच्या ओठावर बोट ठेवून, खूप वेळ. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही. पण आम्ही पंचांशी हुज्जत घालत होतो त्या अर्ध्या तासात ती त्या मुलीकडे जाऊन आली होती, एवढं कळलं. मध्येच कशावरून तरी बापलेक हसले. ती जागा हुकल्याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्याहून जास्त हे वाटतं, की साऱ्या परतीच्या वाटेवर मी तिला दहा वेळा तरी विचारलं, तू हरलीस कशी. आणि त्या पोरीच्या ओठाचं मात्र एकदाही विचारलं नव्हतं.