उजवा आकुर्डीला, डावा चाकणला

शनिवारी सकाळी तळेगाव दाभाड्याहून निघाले ती पण करूनच: पायात नीट बसणारे सेफ्टी शूज घेतल्याशिवाय घरी परतायचं नाही. परभणीच्या मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल, बुटांचं एवढं काय? पण सोमवारी मला वेल्डिंगच्या लाइनवर रुजू व्हायचं होतं. कंपनीच्या स्टोअरमधले काका म्हणाले होते, "चार नंबर येत नाही मॅडम. येईपर्यंत पॅकिंगमध्ये बसा. लेडीजना तेच बरं." माझ्या आधीच्या दोघी अशाच बसल्या आणि अजून तिथेच आहेत.

आकुर्डीला उतरले आणि सेफ्टी शूजच्या दुकानात शिरले. दुकानदारांनी आधी माझ्या मागे कोणी पुरुष येतोय का ते पाहिलं.

"मिस्टरांचा नंबर?"

"नऊ. पण ते बँकेत आहेत, त्यांचं चपलेवर भागतं. बूट मला हवेत."

त्यांनी शाळेचे काळे बूट दाखवले. मग सहा नंबरचे काढून वर दोन जोड मोजे ठेवले. तेवढ्यात काचेत मांडलेला एक लहान बूट दिसला. चार नंबर, उजवा! घालून पाहिला तर अगदी मापात.

"याचा डावा?"

"चाकणला, धाकट्या भावाच्या दुकानात. पूर्वी सँपलचा एकच जोड आला होता, एकेक वाटून घेतला. बायका कुठे घेतात असलं?"

"हा द्या. डावा मी आणते."

"न्या. पण धाकटा डावा द्यायचा नाही. संध्याकाळी परत घेऊन याल," ते हसत म्हणाले.

चाकणची शेअर रिक्षा मोशीच्या पुढे नव्या गाड्या वाहणाऱ्या ट्रेलरमागे अडकली. शेजारच्या मावशी माझ्या मांडीवरच्या बुटाकडे बघत होत्या.

"दुसरा पडला का गं वाटंत?"

"नाही मावशी, तो पुढे गेलाय."

हसले खरी, पण मनात एकच: नाहीच मिळाला तर?

चाकणच्या दुकानात डावा काचेत होता. धाकटे बंधू जागचे हलले नाहीत.

"त्यो काचंतला हाय ताई. इकायचा न्हाई. धाकला नंबर काचंत शोभून दिसतो."

"पायातही दिसेल."

"मिस्टरांला फोन लावून इचारा, चालंल का."

आता मात्र डोकं तापलं. दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर बसले, उजवा पायात चढवला आणि डावा पाय मोकळा पुढे केला. गिऱ्हाइकं येत होती, विचारत होती आणि मी प्रत्येकाला साग्रसंगीत सगळं सांगत होते. बूट घालून बघायला कोणाला स्टूल मिळेना. शेवटी धाकट्या बंधूंनी उजव्या बुटाकडे निरखून पाहिलं.

"ह्यो थोरल्यानं दिला?"

"लगेच. तुम्ही देणार नाही, असंही म्हणाले."

"असं म्हणला व्हय?" त्यांनी काच सरकवली. "न्या! अन् त्याला सांगा, म्या दिला."

बाहेर गरम कांदाभजी खाल्ली आणि दोन्ही बूट घालूनच तळेगावची बस धरली. उजेडात पाहिलं तर आकुर्डीचा उन्हाने विटून करडा झालेला, चाकणचा काळाकुळकुळीत. इतकी वर्षं दोघांनी बायकांचा बूट शोभेला ठेवला होता, आणि चालायला मागितल्यावर नवऱ्याची परवानगी लागत होती. राग येत होता आणि हसूही.

सोमवारी स्टोअरमधल्या काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मॅडम, हे दोन वेगळ्या रंगांचे आहेत."

"नंबर एकच आहे काका," मी म्हणाले आणि पॅकिंगच्या दारावरून सरळ वेल्डिंगकडे गेले.