एक्केचाळीस किलोची माटोळी

वजनाच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. नियम मीच केला आहे. डिचोलीत खाण चालू होती तेव्हा मी खनिजाच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर क्लार्क होते. भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा बघायचा आणि जास्त असेल तर ड्रायव्हरला खिडकीतून सांगायचं, "माल उतरव, मग बोल." पुढे खाण बंद पडली, माझी सवय चालू राहिली. (ह्यांच्या ताटातल्या भाताकडेही मी त्याच नजरेने बघते.)

तर गेल्या चतुर्थीची गोष्ट. आमच्या घराण्याचा गणपती साखळीला मोठ्या दिरांकडे असतो. आमची मुग्धा हैदराबादला. तिच्या नव्या फ्लॅटमध्ये पहिलाच गणपती यायचा होता आणि तो बघायला तिच्या सासूबाई मुद्दाम नागपूरहून येणार होत्या. मुग्धाने त्यांना आधीच ऐकवून ठेवलं होतं की आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर नुसतं तोरण नसतं, माटोळी असते! रानातली, बागेतली फळं केवणीच्या सालीच्या दोराने बांधून अख्खं छत टांगतात.

"आई, माटोळीचं सामान तू आणशील ना? मी त्यांना शब्द दिलाय," मुग्धा फोनवर म्हणाली.

"आणते. शब्द तू द्यायचा, सामान मी वाहायचं. लहानपणापासून हेच चाललंय."

तिकिटं तीन होती. मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. तिकिटावरचे नियम मी चष्मा लावून वाचले आणि दोघांकडून पाठ करून घेतले. विमानाच्या पोटात द्यायला माणशी पंधरा किलो, हातात सात. कात्री, सुरी, अडकित्ता पोटात. पॉवर बँक हातात.

"अडकित्ता का नको हातात?" सासूबाईंनी विचारलं. "सुपारी कातरली म्हणून विमान पडतं?"

"विमान पडत नाही. आपल्याला उतरवतात."

"उतरेन. मला कुठे चढायची हौस होती."

त्यानंतर मी हिशेब केला. तीन पंधरं पंचेचाळीस. म्हणून माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक काढली. ह्यांनी आधीच दोन बॅगा झटकून बाहेर ठेवल्या होत्या.

"माणशी पंधरा लिहिलंय, तर प्रत्येकाची वेगळी बॅग नको?" हे म्हणाले.

"ट्रकाला दहा चाकं असतात म्हणून काय दहा वेळा काट्यावर चढवतात?"

मी जिंकले असं मला वाटलं. डिचोलीच्या बाजारातून आणलेले सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजनं, तवशी, कांगल्यांच्या रानफळांचे झुबके असं सगळं त्या एका ट्रंकेत बसवलं. मधोमध नारळ खवायची आडोळी. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर ट्रंक चढवली. एक्केचाळीस! चार किलो कमीच. विमान कंपनीवर उपकार केल्यासारखी मी घरी आले.

आम्हाला मोपाच्या विमानतळावर सोडायला बाबलोची टॅक्सी सांगितली होती. हा बाबलो पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा आणि मी त्याला कितीदा तरी काट्यावरून परत पाठवला होता. ट्रंक उचलताना तो कण्हला.

"बाई, आत काय? खनिज?"

"माटोळी."

"सगळी एकाच ट्रंकेत? कित्याक?"

"पंचेचाळीस चालतात. ही एक्केचाळीस आहे."

"तुमी म्हणता म्हणजे पास," बाबलो म्हणाला आणि कंबर चोळत गाडीत बसला.

मोपाच्या काउंटरवर पेडण्याची मुलगी होती. तिने ट्रंक बघितली, आकडा बघितला आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखली. माझीच होती.

"मावशी, एका नगात बत्तीस किलोच्या वर घेता येत नाही."

"आम्ही तिघं आहोत. एकूण पंचेचाळीस होतात."

"एकूण बरोबर आहे. पण खाली ट्रंक उचलणारा एकूण नसतो, एकटा असतो. दुसऱ्या बॅगा आहेत का? काउंटर बंद व्हायला आलाय."

"घरी आहेत," हे म्हणाले. "दोन. झटकून ठेवलेल्या."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. ट्रंक बाजूला ओढली आणि उघडली. पाच मिनिटांत मोपा विमानतळावर डिचोलीचा बाजार भरला. एका बाईने आंबाड्यांचा भाव विचारला. एका आजोबांनी चपला काढून नमस्कार केला. सासूबाई आडोळीवर बसून पहारा देऊ लागल्या. मला एकच दिसत होतं, मुग्धाचा गणपती बोडक्या छताखाली आणि शेजारी तिच्या सासूबाई. मी बाबलोला फोन लावला.

"बाबलो, गाडीत पिशव्या आहेत?"

"तीन गोणी आसात. कित्याक?"

"माल उतरवायचा आहे."

पलीकडून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. बहुतेक त्याने हसण्यासाठी गाडी बाजूला घेतली असावी.

गेटवरच्या जवानाने बाबलोने आणलेल्या गोण्या उलटसुलट तपासल्या, नाकाला रुमाल लावला आणि घाईघाईने आत सोडल्या. रिकामी ट्रंक घेऊन परत जाताना बाबलो म्हणाला, "बाई, माल उतरवा, मगे बोला." किती वर्षं हे वाक्य जपून ठेवलं होतं कोण जाणे.

सासूबाईंनी गोणी हुंगली. "ह्यात काय होतं रे?"

"सुकी सुंगटां," बाबलो गेटापलीकडून ओरडला. "बायल मोरजेहून बाजाराक हाडटा." म्हणजे त्याची बायको विकायला आणते ती सुकी कोळंबी.

"अगे, उद्या चतुर्थी," सासूबाई म्हणाल्या, "आणि गणपतीची माटोळी सुंगटांच्या गोणीत?"

"आई, विष्णूने माशाचा अवतार घेतला होता."

"तो सुकलेला नव्हता."

वाद घालायला वेळ नव्हता. कोंबलं सगळं. ट्रंकेचं स्वतःचं वजनच नऊ किलो निघालं, त्यामुळे तिन्ही गोण्या मिळून बत्तीस भरल्या. तोंडं बांधली. सगळं पास झालं.

हैदराबादला मुग्धाने फळं न्हाणीघरात हळदीच्या पाण्याने तीन वेळा धुतली. पण सुपारीचे घोस आणि केवणीचे दोर काही ऐकेनात. शेवटी कपडे वाळत घालायच्या दांड्यांना आम्ही माटोळी टांगली. दिसायला सुरेख! विहीणबाई आल्या, माटोळीखाली उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. आम्ही चौघांनी आमचे श्वास रोखून धरले. विहीणबाईंच्या सात पिढ्यांत कोणी मासळीचा वास घेतला नव्हता.

"काय वास आहे हो," त्या म्हणाल्या. "हे कोणतं फळ?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कांगल्याकडे बघितलं.

"कांगलं."

"असं? एकदम रानातलं वाटते."

मुग्धा मोदक बघायला म्हणून आत पळाली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

आता बॅगेचे नियम मला पाठ आहेत. एकूण किती आणि एका नगात किती, हे मी वाटेत भेटेल त्याला समजावते. पण वासाबद्दल कुठल्याच तिकिटावर काही लिहिलेलं नसतं. यंदा विहीणबाईंचा चतुर्थीच्या महिनाभर आधीच निरोप आला, बाकी फळं कमी आणलीत तरी चालेल, ते वासाचं कांगलं तेवढं विसरू नका. ह्यांनी तीन बॅगा झटकून बाहेर ठेवल्या होत्या. मी त्या परत माळ्यावर टाकल्या आणि बाबलोला फोन करून तीन गोण्या मागितल्या.

"धुतलेल्या की वासाच्या?" त्याने विचारलं.

मी हे ऐकत नाहीत ना ते बघितलं आणि हळूच म्हणाले, "वासाच्या."

"पास," बाबलो म्हणाला.