चार कामं, तीन तारा

ग्लिनिस बूथरॉइडबद्दल आमच्या ब्रिगहाउस गावात कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. लिहिण्यासारखं आपण काही केलंय असं तिलाही वाटणार नाही. ती इलेक्ट्रिशियन आहे. वय अठ्ठावन्न, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. त्या जानेवारीत मी तिला नको ते बोललो. ज्याला बोलायची लाज वाटली नाही, त्याला उपकार मानायचीही वाटू नये, म्हणून हे लिहितोय.

माझी बायको म्युरिएल न्युमोनियाने तीन आठवडे दवाखान्यात होती. गुरुवारी सकाळी नर्सबाईंचा फोन आला. "उद्या दोन वाजता अँब्युलन्सने घरी पाठवतो. घर गरम आहे ना? नसेल तर सांगा, मग त्यांना महिनाभर शुश्रूषागृहात ठेवावं लागेल." म्युरिएलने आदल्याच भेटीत माझा हात धरून सांगितलं होतं, "क्लिफर्ड, आता घरी ने. परक्या खाटेवर मला झोप लागत नाही." मी नर्सबाईंना म्हणालो, "घर कसं अगदी ऊबदार आहे." तेव्हा मी स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून उभा होतो आणि तोंडातून वाफ निघत होती.

घर गरम करणारा आमचा बॉयलर एकतीस वर्षं चालून मंगळवारी गेला होता. बुधवारी गॅसवाला आला. विजेचा मेन स्विच बंद करून त्याने जुनं धूड उतरवलं, नवा बॉयलर स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला, गॅस आणि पाण्याचे पाइप जोडले. मग तारांकडे बघून दोन पावलं मागे सरकला.

"हे कुणी जोडलंय?"

"मी," मी जरा छाती काढूनच म्हणालो.

"वाटलंच. मी ह्याला हात लावत नाही. ग्लिनिसला बोलव." तारांची टोकं त्याने प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये झाकली, मेन परत चालू केला आणि निघून गेला.

हात लावत नाही म्हणे! मी बस डेपोत चाळीस वर्षं मेकॅनिक होतो. आमच्या भागात जे काम आपल्या हाताने होतं त्यासाठी दुसऱ्याला बोलावणं म्हणजे घराण्याला बट्टा. माझ्या बापाने स्वतःचे दातसुद्धा स्वतःच उपटले होते. त्यामुळे गुरुवारी, नर्सबाईंच्या फोननंतर, ग्लिनिस दारात उभी राहिली तेव्हाच माझं डोकं थोडं तापलेलं होतं.

ती आत आली, स्वतःचा मग पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. "चहा कडक कर राजा. फिका केलास तर तुलाच पाजीन." ती सगळ्यांनाच राजा म्हणते, पोस्टमनलाही आणि पाद्रीबाबांनाही.

"वीज बंद आहे," मी म्हणालो. "बॉयलरजवळचा स्विच मी स्वतः बंद केलाय."

"हो का," म्हणाली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता टेस्टर काढला. आधी किटलीच्या सॉकेटवर लावून बघितला. दिवा लागला. आता तो तारांना लावायचा, आणि मग परत सॉकेटवर, टेस्टर मधेच मेला नाही ना हे बघायला. मी म्हणालो, "एवढं सोवळं कशाला?" ती म्हणाली, "माझ्याबरोबर रॉय नावाचा एक जण होता. त्याच्या टेस्टरची बॅटरी संपली होती. दिवा लागला नाही म्हणून त्याने तार धरली. आता तो डाव्या हाताने शर्टाची बटणं लावतो, उजवा नुसता लोंबतो." मग तिने टेस्टर तारांना लावला.

दिवा लागला. स्विच बंद असताना लागला, आणि तोही हिरव्या-पिवळ्या तारेवर.

हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंगची तार. तिच्यात वीज कधीच नसावी, एवढं शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. ग्लिनिसने टेस्टर परत सॉकेटवर लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"सांग."

सांगावं लागलं. तो बॉयलर मी बसवला तेव्हा त्याला चार तारा लागत होत्या. एक कायम वीज असलेली, म्हणजे आग विझल्यावरही पंप थोडा वेळ फिरून आतली उष्णता बाहेर काढतो. एक, खोली गार पडून थर्मोस्टॅटने 'पेटव' म्हटलं की जिवंत होणारी. एक परतीची, आणि एक अर्थिंगची. मेव्हण्याकडून फुकट आणलेल्या केबलमध्ये तीनच होत्या. चार कामं, तीन तारा. दुकान रविवारचं बंद. मी अर्थिंगची तार 'पेटव'च्या कामाला लावली आणि तिच्या टोकाला लाल चिकटपट्टी गुंडाळली. ती वीजही वरच्या कपाटातल्या पाणी तापवायच्या टाकीच्या लाइनवरून घेतली, तिथून जवळ पडत होतं. खालचा स्विच बंद केला तरी ती तार जिवंत राहते हे माझ्या डोक्यातही आलं नाही. चिकटपट्टी कधीच वाळून गळून पडली होती.

"आणि बॉयलरच्या पत्र्याला अर्थिंग?"

"पाइप आहेत की," मी पुटपुटलो.

"म्हणजे नाही. आत एक तार जरी घासून उघडी पडली असती, तर सगळा पत्रा जिवंत झाला असता आणि फ्यूजला पत्ताही लागला नसता. एकतीस वर्षं तू नशिबावर घर गरम केलंस, राजा."

मी विषय बदलला. उद्या दोन वाजता म्युरिएल येणार, हे सांगितलं. "आजच्यापुरतं आहे त्याच तारांवर जोड. सोमवारी नीट कर."

"नाही."

"तीन दिवसांचा प्रश्न आहे!"

"चारला चार आणि एक राखीव, अशी पाच तारांची नवी केबल वरच्या कपाटापासून इथपर्यंत ओढावी लागेल. तुमच्या झोपायच्या खोलीतल्या फळ्या उघडाव्या लागतील. आज मला वृद्धाश्रमाचं काम आहे, ते टाकता येत नाही. उद्या सकाळी सातला येते."

"दोनच्या आत होईल?"

"फळ्या कशा ठोकल्यात त्यावर आहे. कुणी ठोकल्यात?"

"मी."

"देवा," ती म्हणाली.

मग ती फ्यूजच्या पेटीकडे गेली, बॉयलरची आणि टाकीची लाइन बंद केली, दोन्हींवर छोटी लाल कुलपं घातली आणि किल्ली खिशात टाकली. माझ्याच घरात! अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणालो, "बाईमाणसाला विजेतलं काय कळतंय? गॅसवाल्याला सांगायला हवं होतं, एखादा पुरुष पाठव म्हणून."

ती चहाचा रिकामा मग धुवायला नळाकडे गेली. "हे मी बाविसाव्या वर्षापासून ऐकतेय," पाठमोरीच म्हणाली. "कार्पेटची गिरणी बंद पडली तेव्हा संध्याकाळच्या विजेच्या वर्गाला नाव घातलं. चाळीस पुरुष आणि मी. पुढे कामावर पहिलं वर्षभर मुकादम मला चहाच करायला लावायचा. म्हणून चहा मला चांगला कळतो. तुझा फिका होता."

मी तिला सोडायला दारापर्यंतही गेलो नाही.

शुक्रवारी सात वाजता ती आली तेव्हा काचांवर आतून बर्फ धरला होता. तिने कालचा एक शब्दही काढला नाही. आम्ही दोघांनी म्युरिएलचा पलंग सरकवला, गालिचा गुंडाळला. मी खिळ्यांच्या बाबतीत कधी कंजूषपणा केला नव्हता. एका फळीला अकरा निघाले. ग्लिनिस गुडघ्यांवर बसून एकेक उपटत होती, दर फळीवर पेन्सिलने आकडा टाकत होती आणि मधूनमधून माझ्या बापाचा उद्धार करत होती. केबल आत सरकली, वरच्या कपाटातल्या जोडणीच्या डब्यातली माझी सगळी कारागिरी बाहेर आली. तिने जुन्या घरातल्या लाल-काळ्या तारा आणि आजच्या तपकिरी-निळ्या एकेक तपासून जुळवल्या, कारण पूर्वी काळी तार परतीची असायची आणि आता ह्या पाच तारांच्या केबलमध्ये काळीतून वीजच येते. कोणती तार कशाची, याचा नकाशा काढून झाकणाच्या आत चिकटवला. फळ्या परत बसवल्या त्या स्क्रूने.

"खिळे आहेत की," मी म्हणालो.

"माझ्यानंतर जो येईल त्याला उघडता यायला हवं. तो शिव्या देईल त्या मला नकोत."

एक वाजून वीस मिनिटांनी तिने अर्थिंग मोजलं, मग परत मोजलं, आणि कुलपं काढली. बॉयलर पेटला. पंप गुणगुणला. हॉलमधल्या रेडिएटरवर मी तळहात ठेवला आणि तो आधी थंड, मग कोमट, मग गरम होत गेला, तरी मी हात काढला नाही. वळून आभार मानावेत तोवर तिची व्हॅन गल्लीच्या टोकाला पोचली होती.

अडीच वाजता म्युरिएल आली. कोट काढून खुर्चीवर टाकला, नाक वर करून म्हणाली, "छान ऊब आहे. आणि तू दाढी का केली नाहीस?" त्या रात्री तिला सलग झोप लागली.

शनिवारी सकाळी मी जिन्यावरून खाली येत होतो. शनिवार म्हणजे नोकरीत असताना माझी डेपोची पाळी आणि निवृत्त झाल्यावर फुटबॉलची मॅच. शनिवारी सकाळी मी घरी असा नसेच. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, म्युरिएल गाउनमध्ये ओट्यापाशी उभी होती. तिने फडकं नळाखाली धरलं, अर्धवट पिळलं आणि पाणी ठिबकत असतानाच बॉयलरचा पत्रा वरून खाली पुसायला लागली.

"हे काय करतेस?"

"काय म्हणजे? बॉयलर पुसतेय. दर शनिवारी पुसते. एकतीस वर्षं पुसतेय. तुला वाटलं, तो आपोआप चकाकत होता?"

मी तिथेच पायरीवर बसलो. एकतीस वर्षांचे शनिवार. ओलं फडकं, ओले हात, आणि माझी लाल चिकटपट्टी. शेजारच्या टेबलावरचा फोन उचलून मी ग्लिनिसला लावला.

"काय झालं? बंद पडला?" ती म्हणाली.

"नाही. चालू आहे." मी फोन दोन्ही हातांनी धरला. "ग्लिनिस, म्युरिएल इथे... ती दर शनिवारी..."

म्युरिएल हात पुसत आली, माझ्याकडे बघितलं आणि फोन काढून घेतला.

"कोण बोलतंय ते मला माहीत नाही बाई," ती म्हणाली, "पण तू काय केलंस ह्याला? माझा नवरा जिन्यात बसून रडतोय."