चेटकिणीचं आलवण

या महिन्यात घरात आलेलं : आत्यांचा चष्मा, अडतीस रुपये. काळ्या लोकरीचा एक गुंडा, दोन रुपये, आणि नंतर आणखी एक, तेवढ्यालाच. सरस, पंच्याहत्तर पैसे. लाल कापड... घरचंच, त्यामुळे त्याला काही पडलं नाही.

मैत्रिणींनो, आपलं हे फिरतं पत्र माझ्याकडे आलं की एरवी मी एखादा पदार्थ नाहीतर देवदर्शन लिहिते. या वेळी माझ्या हातून झालेली एक वाईट गोष्ट लिहिते आहे. सगळ्यांनी वाचा, आणि कुसुम, तू शेवटपर्यंत वाच.

ह्यांच्या आत्या दोन महिन्यांपूर्वी वाईहून आमच्याकडे सांगलीला आल्या, मोतीबिंदू काढायला. एक डोळा झाला, दुसरा पुढच्या महिन्यात ठरला होता. तेराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून डोक्यावर केस नाहीत आणि अंगावर लाल आलवण... आज पासष्टीच्या आहेत.

विश्रामबागेतल्या आमच्या आसपासच्या पोरांना पहिले चार दिवस त्यांचं नवल वाटलं, मग सवय झाली. आत्या जपाला बसल्या की तीही शेजारी येऊन बसायची. शेवटी खडीसाखर मिळायची ना...

मध्यंतरी शाळेच्या हॉलमध्ये परदेशी बाहुल्यांचा एक सिनेमा दाखवला. फुकट होता म्हणून मीही गेले. सगळा अंधार, धूर, पडका किल्ला, आणि त्यात लहान मुलांच्या सावल्या गिळणारी एक म्हातारी... बाहुल्याच त्या, पण मी मनात रामरक्षा म्हणत होते.

चित्रकलेच्या सरांना तो फार आवडला. म्हणाले, आपणही असं नाटक बसवू, बाहुल्या तुम्ही शिवा वहिनी. साचाही त्यांनीच सांगितला. एक पोरकी मुलगी, विझलेला दिवा फक्त तिच्याच हातानं लागणार. एक शहाणा म्हातारा, तो वाट दाखवून लवकर मरणार. आणि एक दुष्ट बाई. "ती वर आली की पोरांना सांगावं लागता कामा नये. बघूनच कळलं पाहिजे!"

मी पंधरा दिवस खपले. आत्या शेजारी बसून वाती वळायच्या. कापड पुरेना, तेव्हा त्यांनीच बोचकं सोडून विरलेलं आलवण काढून दिलं. "घे गं. माझ्या अंगावर टिकेना आता, बाहुल्यांच्या टिकेल." मी काय शिवते ते त्यांना दिसत नव्हतं, चष्मा यायचा होता.

त्या आलवणाचं मी चेटकिणीला लुगडं केलं. लोकर पोरक्या मुलीच्या दोन वेण्यांतच संपली. आणखी गुंडा आणायचा म्हणजे उगाच खर्च... म्हणून चेटकिणीचं डोकं तसंच ठेवलं आणि पदर कपाळापर्यंत ओढून टाचला.

खरं सांगते, मला काही दिसलं नाही. जिच्या रोज सकाळी पाया पडत होते, तीच माझ्या हातात तयार होत होती... आणि मी आपली लोकर वाचली म्हणून खूश.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी चष्मा आला. आत्या इतक्या हरखल्या, देवघरातला बाळकृष्ण हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

चेटकीण वर आली आणि मागून एक पोरगं ओरडलं, "आयला, वाईची आजी!" दुसरं म्हणालं, "गप रं, हितंच बसल्यात की!" मग जे हसू फुटलं ते थांबेचना. सरांना वाटलं नाटक रंगलं, त्यांनी बाहुली आणखी नाचवली.

शेवटी साच्याप्रमाणे तिला विहिरीत ढकललं. टाळ्या पडल्या. शहाणा म्हाताराही टकलाच होता... त्याला कुणी हसलं नाही.

आत्या उठल्या नाहीत, पूर्ण नाटक बघितलं. घरी येताना म्हणाल्या, "शिवण सुबक आहे हो तुझी." घरी आल्यावर मी पाया धरले, चुकून झालं म्हणाले. "चुकून कसं गं? पोरांनी बरोब्बर ओळखलं की." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं...

तिसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून उभ्या. ह्यांनी डॉक्टरांनी दिलेली तारीख सांगितली, हात जोडले. साताऱ्याच्या गाडीत चढताना म्हणाल्या, "एका डोळ्यानं दिसलं तेवढं पुष्कळ झालं रे बाळा." हे अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

पुढच्या आठवड्यात तेच नाटक साताऱ्याला आहे. मी चेटकिणीचं आलवण उसवलं, निळं पातळ नेसवलं, नवी लोकर आणून अंबाडा घातला. सरांनी ती तालमीत दाखवली, तर मुलं म्हणाली, ही कसली चेटकीण... ही तर कुणाची तरी आई आहे!

सरांनी बाहुली परत पाठवली, पहिल्यासारखी करून द्या म्हणून. मी दिली नाही. आता ते सगळीकडे सांगतात, वहिनी फार मनाला लावून घेतात.

त्या सिनेमातल्या म्हातारीचा चेहरा मला आता आठवतही नाही. पोरांना ओळखू यावी अशी दुष्ट बाई हवी होती, तर ती शोधायला परदेशी जावं लागलं नाही... आमच्याच घरात वाती वळत बसली होती. देवापुढे बसले की डोळे मिटायची भीती वाटते.

कुसुम, क्रम मोडून हे पत्र आधी तुझ्याकडे वाईला पाठवते आहे. आत्यांचं घर तुला माहीत आहे, सहज गेल्यासारखी जाऊन ये. मला क्षमा केली का, ते विचारू नकोस. डोळ्यात औषध घालायला जवळ कुणी आहे का आणि दुसऱ्या डोळ्यासाठी त्या तारखेला येतील का, एवढंच बघ. आमच्याकडे नको असेल तर मी दुसरीकडे उतरायची सोय करीन... हेही त्यांना सांग, आणि काय म्हणतात ते उलट टपाली कळव.