पुरावेकाका आणि आमची यमुना

पुरावेकाकांना वय विचारलं, की ते म्हणत, “आई सांगायची त्याप्रमाणे पंच्याऐंशी. पण साक्षीदार एकच, आणि तीही घरातली. तेव्हा नक्की म्हणता येणार नाही.” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसे.

नाव अर्थात त्यांचं दुसरंच होतं. सरकारी दप्तरखान्यात पस्तीस वर्षं जुनी कागदपत्रं सांभाळून ते निवृत्त झाले होते आणि सदाशिव पेठेत, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. कुळवृत्तांत लिहिणारी माणसं जन्ममृत्यूच्या तारखा जुळेनाशा झाल्या, की तो जिना चढून जात. दारातच काका सांगत, “कागद आत आणा. अभिमान चपलांपाशी ठेवा.” एका गृहस्थांचे खापरपणजोबा म्हणे पेशव्यांच्या दरबारात बसायचे. काका म्हणाले, “बसत असतील. उठून घरी कधी आले, ते कुठे लिहिलंय का?”

मी गेले ते मात्र अभिमानापायी नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर आमच्या घराण्याची वंशावळ मी अंगावर घेतली आणि एका जुन्याच काट्यावर पाय पडला. माझ्या आजोबांचा जन्म त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी झालेला दिसत होता. जन्माची नोंद नगरपालिकेच्या जुन्या वहीत, आजोबांच्या पत्रिकेशी तंतोतंत जुळणारी. लग्नाची याद, म्हणजे लग्न ठरल्याचा कागद, घरच्या ट्रंकेत, मोडीत लिहिलेली, शक आणि तिथीसकट. वधूचं सासरचं नाव यमुना, म्हणजे माझी पणजी. याद खोटी म्हणावी तर वही खरी, वही खोटी म्हणावी तर पत्रिका खरी.

घरात ही कुजबुज नवी नव्हती. वारज्याला माझ्याकडे राहणारी मालूआत्या, आजोबांची मुलगी, आता अठ्ठ्याऐंशीची आहे. तिच्या लहानपणी भाऊबंदकीत नव्या पिढीतल्या कुणीतरी ती याद पाहून ‘लग्नाआधीचं पोर’ असा शब्द वापरला होता, तोही तिच्या वडिलांसमोर. तो ती अजून विसरली नव्हती. मी वंशावळीला हात घातला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आमच्या पानावर तारखा घालू नकोस.”

काकांनी याद वाचली, माझा हिशेब पाहिला. “इसवी सन काढायला शकात अठ्ठ्याहत्तर मिळवलेत आपण. महिना माघ आहे, म्हणजे इंग्रजी वर्ष बदललं. इथे एकोणऐंशी मिळवायचे.”

“म्हणजे जुळतंय?” मी आशेनं विचारलं.

“नाही. घोटाळा दोन वर्षांचा होता, आता तीन वर्षांचा झाला.”

मी कागद आवरायला लागले. त्यांनी यादीवर हात ठेवला. “थांबा. दोन नोंदी भांडायला लागल्या, की लोक त्यातली खोटी कुठली ते शोधतात. दोन्ही खऱ्या असल्या तर काय, ते आधी बघावं.”

त्यानंतर तीन आठवडे आम्ही जुन्या वह्या चाळत होतो. काका पान उलटताना श्वाससुद्धा जपून घेत, कागद तुटायचा. एका गुरुवारी ते मध्येच थबकले आणि वही माझ्याकडे वळवली. मृत्यूची नोंद होती. ‘यमुना कोम विष्णू’, म्हणजे विष्णूची बायको यमुना. विष्णू म्हणजे माझे पणजोबा. वय सतरा. कारण, बाळंतरोग. आजोबांच्या जन्मानंतर नवव्या दिवशी.

“पण यमुनापणजी तर म्हातारी होऊन गेली!” मी म्हटलं. “आत्या तिच्याच मांडीवर वाढली.”

“ती दुसरी. पणजोबांनी तीन वर्षांनी दुसरं लग्न केलं आणि नव्या बायकोचं नावही यमुनाच ठेवलं. तसं करत असत.” पुढे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या हातची ओळ सापडली: ‘प्रथम कुटुंब यमुना, हिच्या अस्थी आणल्या.’ काकांनी ती दोनदा वाचली आणि चष्मा पुसत बसले.

आत्याला हे सांगायचं की नाही, यावर मी अडले. कलंक जाणार होता, पण आजीही जाणार होती. काका म्हणाले, “नोंद त्यांच्या घरची आहे. लपवणारे आपण कोण?” आणि स्वतः वारज्याला आले.

आत्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “त्या दिवशी पंगतीत ते बोलले, तेव्हा आजी वाढत होती. ‘हा माझा नाही, सवतीचा आहे,’ एवढं म्हणाली असती तरी सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.”

“मग का नाही म्हणाल्या?” मी विचारलं.

“बाबा पानावर बसले होते ना.” आत्या म्हणाली. “त्यांना कळलं असतं, ही आपली आई नव्हे म्हणून. त्यापेक्षा तिनं स्वतःच्या नावाला बट्टा लागू दिला.”

काकांनी वंशावळीचा कागद काढला. रीतीप्रमाणे आजोबांच्या नावाची रेघ जन्मदात्रीकडेच जाते. आत्या म्हणाली, “अहो, दोघींकडे न्या.”

“पद्धतीत बसत नाही ते,” काका म्हणाले. आणि त्यांनी दोन रेघा ओढल्या.

त्या पितृपक्षात अविधवा नवमीला आत्यानं पहिल्या यमुनेसाठी पान वाढलं. काकांना जेवायला बोलावलं होतं. ते नेहमीसारखं काही तिरकस बोलले नाहीत. निघताना मला एवढंच म्हणाले, “सतरा वर्षांची पोर. इतक्या वर्षांत तिला कुणी नावानं वाढलं नसेल.”

दिवाळीनंतर काका गेले. झोपेतच. त्यांच्याकडचे अर्धवट राहिलेले सहा घराण्यांचे कागद पुतण्यानं माझ्याकडे आणून दिले. त्यातली दोन मी लावून दिली. तिसऱ्यात दोन भावांची जन्मतारीख एकच आहे. ते जुळे असतील, असं मला वाटतं, पण वाटण्यावर मी आता काही लिहीत नाही.

आत्या मात्र बदलली. परवा सोसायटीतल्या एका बाईंनी तिला माहेरची माणसं विचारली. ती म्हणाली, “वडिलांकडून मला दोन आज्या. दोघींचं नाव एकच.” बाई गोंधळल्या. आत्या मजेत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हिला विचारा. कागद हिच्याकडे आहेत.”