वरच्या मजल्यावरचं हसू

आमच्या कॉलनीचा ग्रुप नळाला पाणी कधी येणार ते कळावं म्हणून काढलेला, चालतात विनोदच. वरच्या मजल्यावरचे काका प्रत्येकाला दाद देतात. साध्या विनोदाला 'हाहा', बऱ्याला 'ख्याख्याख्या', माझ्याला तर अख्खी ओळ भरून. जिन्यात मात्र चेहरा दगडासारखा. मला धास्ती, आपलं काही चुकलं का?

परवा त्यांचा पाइप परत द्यायला वर गेलो. आजारी काकूंच्या उशाशी काका मोबाइलवर बोट चालवत होते, चेहरा तसाच. माझ्या खिशात फोन थरथरला: 'ख्याख्याख्या'.

मी फोन काढून त्यांच्याकडं बघितलं. ते हळूच म्हणाले, "लई हसलो बघा. आवाज झाला की ही जागी होती, अन् मग कण्हत बसती."

आता ग्रुपवर त्यांचं हसू उशिरा आलं, की मी छताकडं बघत बसतो.